कुलपातला चिवडा

त्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो मी नीट जपला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणी चांगला ग्रह करून घेणार नाही.

वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून जरा आत, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये आमचा चिवड्याचा कारखाना आहे. मूळ दुकान पेठेतलं, मालकांच्या वडिलांनी काढलेलं. तिथली कढई कमी पडू लागली तेव्हा मालकांनी ही जागा घेतली. मी तिथे गुणवत्ता विभाग म्हणून लागले. विभाग म्हणजे मी, खिडकीजवळचं एक टेबल, वजनकाटा, तेल खवट झालंय का ते मोजायचं थोडं काचसामान आणि एक लोखंडी कपाट. मी अकोल्याची. अन्नतंत्रज्ञान शिकलेली. आधीच्या दोन नोकऱ्यांतून भांडून बाहेर पडले होते आणि ही तिसरी. निघताना भाऊ म्हणाला होता, "तिथंही नाही जमलं तर सरळ घरी ये. वरची खोली रिकामीच आहे." त्याने ते मायेनेच म्हटलं असणार. मला ती धमकी वाटली. खराडीत एका खोलीचं घर भाड्याने घेतलं आणि ठरवलं, काहीही झालं तरी त्या वरच्या खोलीत राहायला जायचं नाही.

आणि इथे हे गृहस्थ. कारखान्याची सगळी खरेदी ते बघायचे. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन वर्षं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटी कात्री. कात्रजहून बस बदलत यायचे आणि तरीही माझ्या आधी हजर असायचे. तरुणपणी ते पेठेतल्या दुकानात गिऱ्हाइकांना चिवड्याचे पुडे बांधून देत. तिथून वर चढत चढत खरेदीच्या खुर्चीपर्यंत आलेले. मालक धरून सगळे त्यांना काका म्हणत.

"मला इथे सगळे काका म्हणतात," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं.

"मी साहेब म्हणेन," मी म्हटलं.

"म्हणा. त्याने माझा पगार काही वाढणार नाही."

हे असं बोलणं. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आवाज चढत नाही आणि समोरचा मात्र दिवसभर खाजवत बसतो. महिनाभरात एका बैठकीत मी चिडून बोलून गेले, "असं काऊन करून राहिले तुम्ही?" तर हे शांतपणे मालकांकडे वळून म्हणाले, "एक दुभाषा नेमावा लागेल." सगळे हसले. मालकही हसले. त्या दिवसापासून कारखान्यात मी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलते. माझी स्वतःची भाषा मी घरी फोनवर बोलण्यापुरती ठेवली, आणि हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

पण खरी आग लावली ती त्यांच्या कानाने.

चिवड्याच्या पाकिटाची फिल्म विकणारे लोक नमुने घेऊन यायचे. काका खिशातली कात्री काढून फिल्मचा तळहाताएवढा तुकडा कापायचे, उजव्या कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि तो चुरगाळायचे. फिल्म कडकड वाजली तर म्हणायचे, "बोलतेय. घेऊ." नाही वाजली तर, "मुकी आहे. नको." झाली चाचणी. पंचवीस-तीस वर्षं त्या कारखान्याचं पाकीट असं कानाने निवडलं जात होतं.

मी तक्ता केला. कुठल्या फिल्ममधून किती हवा आत शिरते, किती ओल शिरते, चिकटवलेली कड किती ओढ सहन करते, सगळं शेजारी शेजारी मांडलं. दोन दिवस खपले होते मी त्यावर. काकांनी तो वाचला, उलटा केला आणि मागच्या बाजूवर मंडईची यादी लिहिली. मेथी, लिंबं, आलं.

"मागची बाजू कोरी होती," ते म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं की वाजणं म्हणजे फक्त कडकपणा. हलकी, उद्या चिरणारी फिल्मसुद्धा छान वाजते. आणि पाकिटाची कड ज्या आतल्या थरामुळे चिकटते तो थर बिचारा मऊ असतो, तो कधीच आवाज करत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर असेल तुमचं. पण गिऱ्हाईक तक्ता हातात घेत नाही, पाकीट घेतं. ते वाजलं की त्याला आतला चिवडाही कुरकुरीत वाटतो."

हे खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

मग ती मॉलची मागणी आली. मोठ्या दुकानांच्या एका साखळीला आमचा पातळ पोह्यांचा चिवडा ठेवायचा होता, अट एकच: पाकिटावर चार महिन्यांची तारीख हवी. आमचा चिवडा तोवर तीन आठवड्यांत संपायचा. तो टिकतो का हे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण कुणी तो टिकू देत नव्हतं. आता दोन थरांची जुनी वाजणारी फिल्म चालणार नव्हती. नवी निवडायला हवी होती.

दोन पर्याय होते. एक, मधे चंदेरी थर असलेली फिल्म. हवा अडवते, ओल अडवते, पण आरपार दिसत नाही. दुसरी पारदर्शक. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा एक लेप असतो, त्यामुळे हवा आणि ओल जवळपास तेवढीच अडते, शिवाय आतला चिवडा दिसतो. पाकिटात नायट्रोजन भरायचा ते दोन्हीकडे सारखंच. उजेडाने तेल लवकर खवट होतं हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण फिल्म विकणाऱ्याच्या कागदावर उजेडाचा रकाना नव्हता, आणि माझ्या तक्त्यातही तो आला नाही.

मालकांना पारदर्शक हवी होती. "पुण्यातला माणूस भेंडी मोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही," ते म्हणाले. "तो झाकलेलं पाकीट उचलेल होय?"

"चंदेरी घ्या," काका म्हणाले.

"का, साहेब?" मी विचारलं.

"छान बोलते."

मी मालकांकडे बघून हसले. मग काका म्हणाले, "आणि चिवड्याला ऊन लागतं. पेठेत काचेच्या कपाटात पुढच्या रांगेतले पुडे आधी खवट व्हायचे. मागचे टिकायचे. मी रोज सकाळी पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचो."

"साहेब, आपण तो मॉलमध्ये ठेवणार आहोत. गच्चीवर वाळत घालणार नाही."

या वेळी सगळे माझ्या बोलण्यावर हसले. तो हशा मला फार गोड लागला. त्या दिवशी मला कुठली फिल्म चांगली हे शोधायचं होतं की काकांना पाडायचं होतं, हे आज मला सांगता येतं. त्या दिवशी दोन्ही एकच वाटत होतं.

मालकांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला. "तीन महिने घ्या. चिवडा टिकवून दाखवा. टिकला तर पारदर्शक. मात्र उद्या माल परत आला, तर तुमच्या दोघांपैकी जो चुकलेला असेल त्याने दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. एकाच गोष्टीत दोनदा चुकण्याइतका आपला कारखाना मोठा नाही." त्यांचा आवाज चहा सांगितल्यासारखा होता, पण मालक असं उगाच बोलत नसत. काकांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी फक्त मान हलवली.

आता आमच्या कारखान्याची एक पद्धत सांगायला हवी. कामावरच्या माणसाने इथे चिवडा मागून खायचा नसतो. दिसला की घ्यायचा आणि खायचा. मालकांच्या वडिलांनीच घालून दिलेला रिवाज: ज्याच्या हातचा माल त्याला पहिला घास. लोक तो रिवाज मन लावून पाळत. मी चाचणीची चोवीस पाकिटं खिडकीजवळच्या टेबलावर ओळीने मांडली, दुकानात मांडतात तशी. दुपारपर्यंत तीन गायब. मी मोठ्या अक्षरात कागद लावला: "चाचणीचे नमुने. खाऊ नयेत." दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली आणि माझ्या अक्षराखाली कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, "मीठ किंचित कमी आहे."

ते अक्षर मी ओळखलं. मंडईची यादी मी विसरले नव्हते.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, हा माणूस चाचणी मोडायलाच बसलाय. आज खातोय, उद्या टाचणीने पाकिटांना भोकं पाडेल. मी नवी चोवीस पाकिटं भरून घेतली, सगळी लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. दर पंधरा दिवसांनी कपाट उघडायचं, दोन पाकिटं काढायची, तेल तपासायचं, एक घास खायचा, वहीत लिहायचं आणि पुन्हा कुलूप. तीन महिने मी हे देवाचं करावं तसं केलं. एकही पाकीट चोरीला गेलं नाही याचा मला केवढा अभिमान होता.

तीन महिन्यांनी चिवडा ताजा होता. दाणे खमंग, पोहे कुरकुरीत, तेलाचा आकडा उत्तम. मी अहवाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. प्रत्येक वाक्य काकांकडे बघून वाचलं.

"छान," ते म्हणाले. "पाकिटं कुठे ठेवली होतीत?"

"जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे."

त्यांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मला वाटलं, हरले. मालकांनी पारदर्शक फिल्मवर सही केली. रोल मागवायचं काम अर्थातच खरेदीकडे, म्हणजे काकांकडे गेलं. त्यांनी मी दिलेल्याच वर्णनाचे रोल मागवले. आले तेव्हा कात्रीने तुकडा कापला, कानाशी धरला आणि म्हणाले, "नमुन्यासारखीच बोलते." मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. पहिल्या दिवशी भरलेल्या मालातली चार पाकिटं मात्र नियमाप्रमाणे काढून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली.

दसऱ्याच्या आठवड्यात माल खराडीच्या मॉलमध्ये लागला. मी बघायला गेले. समोर काचेची भिंत, वर पांढऱ्या दिव्यांच्या रांगा आणि त्यांच्या खाली आमची पाकिटं, आतला पिवळा चिवडा, हिरवा कढीपत्ता, दाणे, सगळं लखलखीत. माणसं उचलून, फिरवून बघत होती आणि टोपलीत टाकत होती. मी फोटो काढून भावाला पाठवला. खाली लिहिलं, "माझी निवड."

दिवाळीत माल उडाला. दिवाळीनंतर रेंगाळला. आणि दिवाळीला महिना होत आला तेव्हा मॉलचा फोन आला.

पाठोपाठ पाकिटं परत आली, खोक्यांतून. मी एक फोडलं. स्वयंपाकघरात तळणीच्या तेलाचा डबा कुणी झाकण न लावता महिनाभर विसरला तर जसा येतो तसा वास. दाणा चावला आणि कडू थुंकून आले. चार महिन्यांची तारीख टाकलेला चिवडा दोन महिनेसुद्धा टिकला नव्हता. परत आलेला सगळा माल एकाच चवीचा होता.

मी लगेच मालकांना चिठ्ठी लिहिली: चाचणीच्या नमुन्याची फिल्म आणि नंतर मागवलेल्या रोलची फिल्म एकच आहे का, हे पाहणे आवश्यक. तेव्हा मला मनापासून तसंच वाटत होतं. माझी चाचणी निर्दोष होती, मग रोलच हलके असणार, आणि रोल त्यांनी घेतलेले. सगळं चपखल बसत होतं. मालकांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आम्हा दोघांना बोलावलं.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मी कपाट उघडलं. खालच्या फळीवरची ती चार पाकिटं त्याच रोलची होती. ती खवट निघाली की पुरावाच हातात, अशा थाटात मी पहिलं फोडलं.

ताजं.

दुसरं फोडलं. ताजं. तिसरं, चौथं. चारही पाकिटांत हात घालून घालून मी खाल्लं, दाणे वेचून वेचून खाल्ले, एक तरी कडू लागावा म्हणून. एकही लागला नाही. तोच रोल, तोच चिवडा, त्याच दिवशी भरलेला. फरक एवढाच, की हा कपाटात होता.

मी कपाटाचं दार हलवून बघितलं. बंद केलं की आत मिट्ट काळोख. मागे टेबलावर परत आलेलं पाकीट पडलं होतं आणि त्यावर खिडकीतून ऊन येत होतं. तीन महिने मी कुणाचा हात पोचू नये म्हणून जपलं, आणि तिथे उजेडही पोचला नव्हता. मी चिवडा मॉलसाठी तपासलाच नव्हता. मी तो कपाटासाठी तपासला होता. आणि हे का, तर एका माणसावरच्या संशयापायी.

त्या वेळी मला लाज वाटली असं लिहायला बरं वाटलं असतं. वाटली ती भीती. अकोल्याची वरची खोली डोळ्यांपुढे आली, तिथला पंखा आला, जेवायला हाक मारणारा भावाचा समजूतदार आवाज आला. मी फोडलेली पाकिटं गुंडाळून कपाटात मागे सरकवली, कुलूप लावलं, अहवाल उचलला आणि मालकांच्या खोलीत गेले.

मालकांनी वेळ घालवला नाही. "काका, प्रयोगशाळेतला चिवडा तीन महिने टिकला. दुकानातला दोन महिन्यांत गेला. या दोघांच्या मधे काय आलं? तुम्ही आलात."

"रोल तेच आहेत," काका म्हणाले. "मी ऐकलेत."

"ऐकलेत," मालक म्हणाले. "वा. मॉलवाल्यांना तसं पत्र लिहू."

काकांचा चेहरा उतरला. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रोल हलके घेतले म्हणजे कुणाकडून तरी काहीतरी खाल्लं, हे मालक बोलले नाहीत, पण खोलीत ते सगळ्यांना ऐकू आलं होतं. काकांनी खिशातून कात्री काढली, टेबलावर ठेवलेल्या रोलचा एक तुकडा कापला, मग माझ्या फायलीला टाचलेल्या नमुन्याचा एक कापला. एक एक करून कानाशी चुरगाळले. मग दोन्ही तुकडे माझ्यापुढे धरले.

"मॅडम, तुम्ही ऐका. एकच आहे."

ते माझ्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, मी तुकडे घेतेय की नाही ते बघतायत. ते बरोबर बोलत होते हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तोंड उघडायला मला एका श्वासाइतका वेळ मिळाला होता.

"कानाने काही कळत नाही, साहेब," मी म्हटलं. "आकडे बघावे लागतात."

मालक हसले. काकांनी हात खाली घेतला. मग ते पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि मी अहवालाकडे.

मालकांनी आपला शब्द पाळला, काकांना दुसऱ्या दिवसापासून घरी बसायला सांगितलं. काकांनी भांडण केलं नाही. कारखान्यातल्या बायकांनी निरोपाचा कार्यक्रम ठरवला तर नको म्हणाले. त्याच दुपारी खरेदीची कपाटं दाखवली, किल्ल्या मालकांच्या हातात दिल्या आणि बसच्या वेळेला निघून गेले. संध्याकाळी माझ्या टेबलावर ती छोटी कात्री होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

ती चार फोडलेली पाकिटं मी घरी नेली. फेकायची हिंमत झाली नाही, कचऱ्यात कुणी बघेल असं वाटलं. आठवडाभर सकाळच्या चहाबरोबर तो चिवडा संपवला. उत्तम होता.

महिन्याभरात मी मालकांना चंदेरी फिल्म सुचवली. कारण दिलं, "खबरदारी म्हणून." मालकांनी लगेच मान्य केली. पाकिटावर चिवड्याचा मोठा रंगीत फोटो छापला, आणि भेंडी मोडून बघणाऱ्या पुण्याने तो मुकाट्याने उचलला. माल पुन्हा परत आला नाही. मालक लोकांना सांगत, "मॅडमनी वाचवलं." मी ते ऐकून घ्यायचे. आता चाचणीची पाकिटं मी खिडकीत, उन्हात ठेवते, वर दिवा लावते. लोक खातात. मी जास्तीची ठेवते. कागद लावत नाही.

गेल्या वर्षी मी कात्रजला गेले होते. आमची पाकिटं दुकानात कुठे आणि कशी ठेवतात हे आता मी स्वतः फिरून बघते. एका किराणा दुकानात रॅकपुढे एक म्हातारा पाठमोरा उभा होता. त्याने आमचं चंदेरी पाकीट उचललं, उजव्या कानाशी नेलं आणि हलकेच दाबलं. मी निघून जाऊ शकले असते.

"अहो काका," मी म्हटलं.

दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी तसे ते वळले. मला पाहिलं. बारीक झाले होते. शर्ट तसाच पांढरा, खिशात एकच पेन.

"शेवटी चंदेरीच केलीत," ते म्हणाले.

"हो."

"बरं केलंत." त्यांनी पाकीट उलटं करून तारीख वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कपाटाला अजून कुलूप लावता?"

दुकानदार कुणालातरी तूरडाळ मोजून देत होता, त्याच्या तराजूकडे मी बघत राहिले.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. बाराला तुम्ही खोलीत आलात तेव्हा तुमच्या बोटांना हळद होती. अहवालाच्या कागदालाही लागली होती. म्हणजे नुकताच चिवडा खाऊन आला होतात, तोही मूठभर. आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक होता. तो खवट असता, तर पाकीट आणून माझ्यासमोर आपटलं असतंत."

मी माझ्या बोटांकडे बघितलं. अजूनही बघते, कधी कधी.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता, इतक्या वर्षांनी, त्यांच्यावरच. "सांगायचं होतं मालकांना. किल्ली माझ्या गळ्यात होती. कपाट उघडायला लावायचं होतं."

काकांनी पाकीट रॅकवर परत ठेवलं, फोटोची बाजू पुढे करून, आणि त्याच्या शेजारची दोन पाकिटंही सरळ केली.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले, आणि डाळ घ्यायला पुढे गेले.